आठ झाडू आणि हवेतला आरसा

सहा वर्षांत मी सत्तेचाळीस छोटे पास फेकले आणि त्यांतले एकेचाळीस समोरच्या फळीतल्या कुणाच्या ना कुणाच्या हाताला लागून जमिनीवर आपटले. ही मोजदाद माझी नाही. सप्टेंबरच्या सभेत, चर्चच्या तळघरात, माझी बायको मार्विस हिने ती उभी राहून वाचून दाखवली. आमच्या संघाचे गुण तीच लिहिते. वाचताना तिने आवाज जराही चढवला नाही, आणि घरी आल्यावर "जे लिहिलंय तेच वाचलं मी," असं म्हणून ती भांडी विसळायला लागली.

आमच्या बर्च क्रॉसिंगमध्ये नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी लुथरन आणि कॅथलिक चीजच्या कारखान्यामागच्या मैदानावर फुटबॉल, म्हणजे हातांनी फेकायचा अमेरिकन फुटबॉल, खेळतात. त्यानंतर पुरुषमंडळी बंदुका घेऊन हरणांच्या मागे रानात जातात, तेव्हा धर्माचा निकाल त्याआधी लागलेला बरा. खेळाडूंची वयं लक्षात घेऊन अंगावर कोसळायला बंदी आहे. पाठीला दोन हात लागले की गडी पकडला. जिंकणाऱ्या चर्चला शंभर कपांचं कॉफीचं भांडं वर्षभर ठेवायला मिळतं. गेली सहा वर्षं ते कॅथलिकांकडे आहे. आमच्याकडचं भांडं तीस कपांचं, आणि प्रार्थनेनंतर रांगेतल्या एकतिसाव्या माणसाच्या तोंडाकडे मला बघवत नाही. लुथरन माणूस पापाच्या क्षमेसाठी जन्मभर थांबेल, पण दुसऱ्यांदा चढवलेल्या कॉफीसाठी थांबणं त्याच्या जिवावर येतं.

मी आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे मधोमध उभं राहून चेंडू फेकणारा. लांब पास माझे झकास जातात. पण सगळा खेळ चालतो तो छोट्या पासवर. पाच-सात पावलांवर आपला माणूस असतो, त्याच्याकडे पटकन चेंडू टाकायचा, इतकंच. तो माझा पास समोरच्या चौघांच्या हातांमधून काही पार होत नाही. त्या चौघांत सगळ्यात उंच रोमन डुडेक. दुधाचा टँकर चालवतो, साडेसहा फूट आहे आणि स्वभावाने गरीब. पास पाडला की दर वेळी म्हणतो, "सॉरी, मिस्टर टॉर्गेसन." माझा अपमान करणारा माणूस इतका सभ्य असल्यामुळे मला त्याच्यावर रागावताही येत नाही, आणि तो राग मग मी घरी आणतो.

तो मला मिस्टर म्हणतो कारण गाडी चालवायला त्याला मी शिकवलं. गावातल्या सोळापासून बेचाळीसपर्यंतच्या प्रत्येकाला मीच शिकवलं आहे. सव्वीस वर्षं मी शिकवणाऱ्याच्या सीटवर बसून, पायाखाली जादा ब्रेक घेऊन, या गावाला वळणं घ्यायला लावली. बर्च क्रॉसिंगमध्ये कुणी वळायच्या आधी दिवा लावत असेल, तर त्याचं श्रेय, लहान तोंडी मोठा घास वाटला तरी, माझं आहे.

तर सभेत पास्टर म्हणाले, "ऑर्विल, तुमच्याबद्दल कुणाचीही तक्रार नाही." आमच्याकडे या वाक्याचा अर्थ सगळ्यांची तक्रार आहे असा होतो. "पण यंदाही पास पडले, तर पुढच्या वर्षी डेनीला एकदा फेकून बघू द्यावं, असं काहींचं मत आहे."

डेनी क्विस्ट माझा डावीकडचा शेजारी. त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. छोटा पास झेलायला तोच उभा असतो, त्यामुळे सहा वर्षांत त्याच्या हातात चेंडू फारसा आलेला नाही. त्याने मान खाली घालून "मला तशी काही हौस नाही," असं सांगितलं. ते त्याने इतक्या पटकन सांगितलं की तो घरून पाठ करून आला असावा अशी मला शंका आली.

दुसऱ्या दिवसापासून मी या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला, म्हणजे लोकांना विचारलं. ती माझी चूक झाली. डेनी म्हणाला, उंची. "तू पाच फूट सात. चेंडू निघतो कानापासून. रोमनचा नुसता कोपर तुझ्या टोपीच्या वर येतो. यात तुझा दोष नाही, तुझ्या आईवडिलांचा आहे." पोस्टातला माणूस म्हणाला, छोटा पास सपाट जातो, त्याला कमान द्या. दाताच्या डॉक्टरने माझं तोंड उघडं असताना सांगितलं की तुम्ही फार वेळ चेंडू धरून बसता. मार्विस म्हणाली, "तू चेंडू फेकत नाहीस, खालच्या फळीवर ताट ठेवतोस." एकंदरीत मी सोडून सगळ्या गावाला कारण माहीत होतं, आणि प्रत्येकाचं वेगळं होतं.

मोठ्या संघांचे प्रशिक्षक सरावाला झाडू उंच धरून माणसं उभी करतात, असं डेनीने कुठेतरी पाहिलं होतं. झाडू त्याच्याच दुकानात होते. शनिवारी आम्ही माझ्या परसात चार खांब रोवले आणि प्रत्येकाला लांब दांड्याचे दोन-दोन झाडू बांधले. झाडू हातांसारखे दिसेनात, म्हणून मार्विसचे भांडी घासायचे पिवळे रबरी हातमोजे त्यांच्या टोकांना चढवले. कमी पडले तिथे डेनीने हरणांच्या शिकारीचे नारिंगी हातमोजे दिले. अकरा फूट उंचीचे आठ हात वाऱ्यावर हलायला लागले तेव्हा मला फार समाधान वाटलं. चेंडू घेऊन मी पहिलाच पास टाकला. तो झाडूला लागून मार्विसच्या धुतलेल्या चादरींत गेला.

मंगळवारी नगर कार्यालयातून बोलावणं आलं. कार्यालयात एकच खिडकी आहे आणि तिच्यामागे डोलोरेस वेन्झेल बसते. डोलोरेस माझी उजवीकडची शेजारीण, पक्की कॅथलिक.

"तुमच्या परसातल्या बांधकामाबद्दल तक्रार आलीय, ऑर्विल."

"कुणाची?"

"ते गुप्त असतं."

"डोलोरेस, ते फक्त तुझ्या स्वयंपाकघरातून दिसतं."

"तक्रारदाराचं नाव मी सांगू शकत नाही," ती अर्ज सरळ करत म्हणाली. "पण बाईला मनस्ताप फार झालाय. दोन दिवस ती भांडी घासताना त्या हातांना उलट हात करत होती. तिला वाटलं, तुमच्याकडे पाहुणे आलेत आणि फारच मनमोकळे आहेत. तिसऱ्या दिवशी तिने केक करायला घेतला होता."

मी माफी मागितली. तिने ती तक्रारदाराला कळवते म्हणून सांगितलं. मग अर्ज पुढे केला. बांधकाम म्हणजे कुंपण, फलक की शेतीची वस्तू, यातलं एक निवडायचं होतं. कुंपण सहा फुटांच्या वर चालत नाही. फलकावर काहीतरी लिहिलेलं लागतं. राहिली शेतीची वस्तू.

"बुजगावणं लिहा," डोलोरेस म्हणाली. गावातल्या बाया अशा असतात. तक्रारही त्याच करतात आणि वाटही त्याच काढून देतात. "पण मग पीक लागेल."

"ऑक्टोबर आहे."

"लसूण लावा. आत्ताच लावतात." मग तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "एक सांगू का? प्रत्येक वेळी फेकायच्या आधी तुम्ही आभाळाकडे बघता, ते मला फार आवडलं. मी फादरना सांगितलंय, लुथरन लोकही मनापासून प्रार्थना करतात म्हणून."

मी आभाळाकडे बघतो हे मला माहीत नव्हतं. पण माझ्या धर्माबद्दल कुणी चांगलं बोलत असताना चौकशी करणं बरं दिसत नाही, म्हणून मी आभार मानून निघालो. त्याच वेळी नीट विचारलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं.

मी लसूण लावला. चार ओळी. आठवड्याने डोलोरेस टेप घेऊन तपासणीला आली, तेव्हा नारिंगी हातमोज्यांवर तीन कावळे बसले होते.

"बुजगावण्यावर कावळे आहेत," ती म्हणाली.

"नवीन आहे. शिकतंय अजून," मी म्हणालो. तिने शेऱ्यात तसंच लिहिलं.

तीन आठवड्यांत दहातले नऊ पास झाडूंमधून पार जायला लागले. कमान आली, वेग आला, कानाऐवजी टोपीच्या वरून चेंडू सुटायला लागला. मी मार्विसला मुद्दाम बाहेर बोलावून दाखवलं. तिने दहाही पास पाहिले.

"छान," ती म्हणाली. "पण झाडू तुझ्याकडे बघत नाहीत, ऑर्विल."

नवऱ्याच्या आनंदावर विरजण कसं घालावं याचा हा नमुना आहे, असं मला तेव्हा वाटलं. ती दहा शब्दांच्या आत सगळं उत्तर देऊन घरात गेली होती, हे कळायला मला सिस्टर बर्नाडीन लागल्या.

सिस्टर बर्नाडीन कॅथलिक मठातल्या नन, सहासष्ट वर्षांच्या. चाळीस वर्षं कॅथलिक शाळेत त्यांनी गणित शिकवलं. मठातली गाडी चालवणाऱ्या दुसऱ्या सिस्टरच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, म्हणून या वयात त्यांना परवाना काढायची पाळी आली. कॅथलिक संघाचे गुण त्याच लिहितात. पण गाडीत धर्म नसतो, ब्रेक असतो, असं मी पहिल्या दिवशी त्यांना सांगितलं होतं, आणि त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं होतं.

त्या दिवशी आम्ही गावातल्या चौकात आलो. आमच्या चौकात चारी बाजूंना थांबायची पाटी आहे. सिस्टर थांबल्या, आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी उजवीकडचा दिवा लावला.

"मी अजून सांगितलं नव्हतं, सिस्टर."

"सांगितलंत ना. आधी वर आरशात बघितलंत, मग हनुवटी उजव्या खांद्यावर नेलीत. मैदानावर करता तसंच."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. मागे एक ट्रॅक्टर येऊन थांबला. आमच्याकडे भोंगा वाजवणं अपमान समजतात, त्यामुळे तो तसाच थांबून राहिला.

"मैदानावर आरसा कुठे आहे?"

"तो आम्हालाही दिसत नाही," सिस्टर म्हणाल्या. "पण तुम्हाला दिसतो." आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्यांनी तोंडावर हात ठेवला. मी त्यांना दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवायला सांगितलं, कारण मन कितीही मोडलं तरी नियम तो नियम.

पुढचं सगळं मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं, कारण खोटं बोलणं त्यांना जमत नाही. कॅथलिक हॉलमधल्या फळ्यावर सहा वर्षं माझी आकृती होती. टॉर्गेसन वर बघतात, म्हणजे छोटा पास. त्यांच्या अंगावर धावणं सोडून जागेवर थांबा. हनुवटी जाईल त्या बाजूला हात वर करा. वर बघितलंच नाही, तर लांब पास. सरळ जायचं असल्यामुळे ते आरशात बघत नाहीत.

"आणि ही अक्कल रोमनला कुणी दिली?"

"तुम्हीच दिलीत," सिस्टर हळूच म्हणाल्या. "पुढच्याच्या दिव्यावर विसंबू नका, त्याचं डोकं बघा. डोकं वळेल तिकडे गाडी वळेल. मलाही पहिल्याच धड्यात सांगितलंत."

ट्रॅक्टरवाला आता खाली उतरून, आम्हाला काही मदत हवी का, असं विचारायला आला होता. मी त्याला हात केला. त्यालाही मीच शिकवलं होतं.

"आता काय करणार?" सिस्टरनी विचारलं.

"सवय मोडणार."

"मोडा. पण खोटी खूण करू नका हं, मिस्टर टॉर्गेसन. चुकीची खूण म्हणजे गाडीने बोललेलं खोटं, हे तुमचंच वाक्य आहे. मी ते आमच्या शाळेत भिंतीवर लावलंय."

सवय मोडायला माझ्याकडे बारा दिवस होते. टोपी डोळ्यांवर ओढून पाहिली. मी टोपीसकट वर बघायचो. डेनीने शिडीच्या टोकांना लावायचा स्पंज आणून माझ्या मानेला गुंडाळला. आठव्या दिवशी चमत्कार झाला. परसात सलग वीस पास टाकले आणि एकदाही मान वर गेली नाही. डेनी नाचायचाच काय तो बाकी होता. नवव्या दिवशी सकाळी मी गाडी मागे घेत रस्त्यावर आणली आणि डोलोरेसची टपालपेटी खांबासकट आडवी केली. आरशात बघितलंच नव्हतं.

पुन्हा तीच खिडकी आणि नवा अर्ज. 'पाडलेली वस्तू' या रकान्यात मी टपालपेटी लिहिलं. 'कारण' या रकान्यात जे होतं ते लिहिलं. डोलोरेसने ते दोनदा वाचलं.

"तुम्ही?" ती म्हणाली.

त्या एका शब्दाने मला जितकं लागलं तितकं सहा वर्षांत रोमनच्या पंजांनी लागलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी परसात गेलो आणि पहिल्याच पासला माझी मान आपोआप वर गेली. मला बरं वाटलं, हे खरं सांगतो. डेनीने मात्र झाडू सोडायला सुरुवात केली.

सामन्याच्या दिवशी थंडी अशी होती की दोन्ही चर्चची माणसं एकमेकांची ब्लँकेटं वाटून घेत होती. मी लांब पासांवर दोन टचडाऊन केले, म्हणजे चेंडू दोनदा त्यांच्या रेषेपलीकडे पोचवला. छोटे पास पाच टाकले, पाचही पडले. "सॉरी, मिस्टर टॉर्गेसन," रोमन पाच वेळा म्हणाला. शेवटचा एक डाव उरला तेव्हा आम्ही चार गुणांनी मागे होतो आणि त्यांची रेषा पाच पावलांवर होती.

आम्ही डोकी एकत्र आणून गोल उभे राहिलो. डेनी म्हणाला, "लांब टाक."

"पाचच पावलं आहेत, डेनी. लांब टाकला तर चीजमध्ये पडेल."

"मग?"

"तू डावीकडे जाऊन उभा राहा. आणि यावेळी हात खिशातून काढ."

पुढचं मी ठरवून केलं. हे स्पष्ट सांगतो, कारण गावातले काही भले लोक 'चुकून झालं असेल त्याच्याकडून' असं म्हणतात. त्यात त्यांचं प्रेम आहे, पण तसं झालेलं नाही. चेंडू माझ्या हातात आला. मी वर बघितलं. तिथे, कारखान्याच्या धुराड्याच्या थोडं डावीकडे, मला माझा आरसा खरोखर दिसला, आणि त्यात सव्वीस वर्षांत मी शिकवलेली मुलं मागच्या सीटवर बसून वह्या उघडून बघत होती. मी हनुवटी उजव्या खांद्यावर नेली. सावकाश, परीक्षकाला दिसावी तशी. रोमन उजवीकडे सरकला, बाकीचे तिघे त्याच्यामागे, आणि आठही हात वर गेले. सगळे माझ्यावर विश्वास ठेवून उभे होते. मग मी डावीकडे टाकला.

डेनीच्या आसपास वीस फुटांत माणूस नव्हता. चेंडू त्याच्या पोटावर आदळला आणि इतक्या वर्षांनी पाहुणा घरी यावा तसा त्याने दोन्ही हातांनी तो धरून ठेवला. तो रेषेच्या पलीकडेच उभा होता. त्याला नुसतं न पडता उभं राहायचं होतं, आणि ते त्याने केलं. सहा गुण. वीस विरुद्ध अठरा. आमचे लोक मैदानात धावले. पास्टरनी माझा पापा घेतला, हे त्यांना नंतर आठवेना. मी आनंदाने टोपी हवेत उडवली.

रोमन पुढे आला. यावेळी त्याने सॉरी म्हटलं नाही.

"मिस्टर टॉर्गेसन, तुम्ही उजवीकडे बघितलंत."

"हो."

"आणि टाकलात डावीकडे."

"हो, रोमन."

"बरं," तो म्हणाला आणि आपल्या टँकरकडे निघून गेला.

भांडं सिस्टर बर्नाडीननी स्वतः आणून दिलं. आतून घासून लख्ख केलेलं. त्यांनी अभिनंदन केलं, पण नजर माझ्या कोटाच्या बटणावर ठेवून. पुढच्या रविवारी आमच्या तळघरात एकतिसाव्या माणसाला कॉफी मिळाली आणि नव्व्याण्णवाव्यालाही मिळाली. मी तीन कप प्यायलो. पश्चात्ताप झाला म्हणून कॉफीची चव बिघडते, असं जे समजतात त्यांनी ते मनातून काढून टाकावं.

चौकातला त्रास मात्र सोमवारीच सुरू झाला होता. आमच्या चौकात एरवीही 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत हात हलवण्यात बराच वेळ जातो. त्या दिवशी मी उजवा दिवा लावला, आरशात बघितलं, हनुवटी उजवीकडे नेली. समोर टँकर होता. हललाच नाही. डावीकडून डोलोरेस आली होती. तीही थांबून राहिली. मी दिवा लावूनच होतो, आणि गावात एकही माणूस तो मानायला तयार नव्हता. शेवटी मी काच खाली करून हात बाहेर काढला आणि ओरडून सांगितलं, "उजवीकडेच जाणार आहे मी." डोलोरेसने मला हात केला, पण ब्रेकवरचा पाय काढला नाही.

सिस्टरना मंगळवारी पहिल्याच प्रयत्नात परवाना मिळाला. परीक्षकाने शेऱ्यात लिहिलं, 'इतर वाहनांच्या खुणांबाबत अत्यंत सावध.' माझ्या सव्वीस वर्षांत असा शेरा कुणाला मिळाला नव्हता. मार्विसने तो मला दोनदा वाचून दाखवला.

काल त्या मला चौकात भेटल्या. मठाच्या जुन्या गाडीत एकट्याच होत्या, पाठ ताठ आणि दोन्ही हात स्टीअरिंगवर. आमच्या दोघांशिवाय रस्त्यावर कुणी नव्हतं. मी दिवा लावला. आरशात बघितलं, मान वळवली, सगळं पुस्तकाप्रमाणे केलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दिव्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि मानेने 'आधी तुम्ही' अशी खूण केली.

मी उजवीकडे वळलो. अगदी हळू, चाकं रेषेला धरून, सव्वीस वर्षांत घेतलं नसेल इतकं नीट वळण घेतलं. शंभर पावलं पुढे जाऊन आरशात बघितलं, तर सिस्टर अजून तिथेच थांबल्या होत्या, मी परत येतो का ते बघत.